लोरेटाबाईंसमोर केलेली सही

लोरेटाबाईंवर लिहायचं मी गेली दोन वर्षं टाळत आलो आहे. त्यांचा विषय निघाला की मी लोकांना त्यांच्या भेंडीचा किस्सा सांगतो, लोक हसतात, आणि मी सुटतो. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर एका सहीबद्दल लिहावं लागतं, आणि ती सही माझी आहे.

त्या आमच्या गल्लीतच, तीन घरं सोडून राहायच्या. उंच, ताठ पाठीच्या, डोक्यावर कापसासारखे पांढरे, अगदी बारीक कापलेले केस. पायात बाराही महिने जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. हिवाळ्यात त्याच जँडल्स, आत लोकरी मोजे. मूळच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या. पूर्वज गुलाम म्हणून आणलेले. नवरा न्यूझीलंडचा, जहाजावर इंजिनियर. त्याच्यामागोमाग इकडे आल्या, तो गेल्यावरही इथेच राहिल्या. तीस वर्षं एका कार्यालयात जुनं दप्तर सांभाळायची नोकरी केली. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, सत्तरीच्या बाईलासुद्धा. मला ते जमलं, पण तोंडदेखलं. घरात आणि मनात त्या लोरेटाबाईच होत्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते लायब्ररीत, एका माणसाला अडवून धरताना.

न्यूझीलंडमध्ये जस्टिस ऑफ द पीस, थोडक्यात जेपी, नावाची एक सोय आहे. निवृत्त मास्तर, नर्स, दुकानदार अशी साधी माणसं सरकार नेमतं. ती कागदांवर साक्ष घालतात, प्रतिज्ञापत्र करून घेतात, आणि काही घेत नाहीत. आमच्या गावच्या, लोअर हटच्या, लायब्ररीत शनिवारी दहा ते बारा खिडकीपाशी एक टेबल लावलेलं असे. तिथे लोरेटाबाई बसायच्या. बाकीच्यांकडे दोन मिनिटांत होणारं काम त्यांच्याकडे पंधरा मिनिटं चालायचं, कारण त्या कागद उलटा फिरवून समोरच्यापुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "वाच."

त्या दिवशी समोर भगव्या जाकिटातला एक कामगार होता. गाडी बाहेर चुकीच्या जागी लावून आलेला.

"वाचलंय मी."

"माझ्यासमोर वाच."

"लेडी, बाहेर मला तिकीट लागेल."

"लागेल. मला घाई नाही. तुला आहे का?"

रांगेतले लोक घड्याळाकडे बघायला लागले. तो पुटपुटत बोट ठेवून वाचायला लागला आणि अर्ध्यावर थांबला. बायकोच्या व्हिसाचा कागद होता, आणि त्यात तिचं नावच नव्हतं. आधीच्या कुणाच्या तरी अर्जावरून उतरवलेला मजकूर. तो कागद घेऊन गेला. पुढच्या शनिवारी तो नीट कागद घेऊन आला, सोबत खोकंभर फीजोआ. हे इथलं हिरवं, पेरूच्या चुलतभावासारखं फळ, ज्याच्या अंगणात झाड आहे तो ते वाटून वाटून थकतो. लोरेटाबाईंनी कागदावर सही केली आणि फीजोआ रांगेत वाटून टाकले.

"कागदात काय आहे ते सगळेच बघतात," त्या मला नंतर म्हणाल्या, "कोण नाही ते आधी बघावं."

भेंडीचा किस्सा असा. आमची आई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आली होती. ऐंशीची, इंग्रजी येत नाही, दुपारची एकटी. एका दुपारी बेल वाजली, दारात लोरेटाबाई, हातात फ्रोझन भेंडीचं पाकीट. ही भाजी त्यांच्या लहानपणातली. इथे ती फक्त इंडियन दुकानात मिळते. दुकानदाराने सांगितलं म्हणे, तुमच्याच गल्लीत एक आजी आल्यात, त्यांना विचारा. दोघींनी आमच्या स्वयंपाकघरात आपापल्या पद्धतीची भेंडी केली. मी ऑफिसमधून आलो तेव्हा आई लोरेटाबाईंच्या पातेल्यात डाव बुडवून वर काढत होती आणि तार कुठपर्यंत लांबते ते बघत होती.

"अरे अवी, ह्यांना सांग, तार मोडायला आमसूल घालायचं. ही काय भाजी आहे का, डिंक आहे."

मी जरा गोड करून सांगितलं. लोरेटाबाई म्हणाल्या, "तिला सांग, तिची भेंडी वाळलेल्या पानासारखी लागते."

तेही मी गोड करून सांगितलं. आई म्हणाली, "एवढंच बोलल्या?" लोरेटाबाई म्हणाल्या, "एवढंच बोलली ती?" आमची लेक सई, जिला मराठी समजतं पण जी उत्तर इंग्रजीत देते, फ्रिजपाशी उभी राहून म्हणाली, "डॅड इज लीव्हिंग आउट हीप्स." म्हणजे, बाबा बरंच काही गाळतोय.

इथवर मी लोकांना सांगतो. पुढचं आज पहिल्यांदा.

आधी त्यांच्या घराण्याची गोष्ट सांगायला हवी. ती त्यांनी मला सांगितली भेंडीच्या त्या दिवसाच्या थोडं आधी, त्यांच्या स्वयंपाकघरात, करपलेलं पातेलं घासता घासता, आवाज जराही न बदलता.

त्यांचा पूर्वज आयझॅक लोहार होता. मालकाचं काम संपलं की उरलेल्या वेळात दुसऱ्यांची कामं करून त्याने आधी स्वतःला विकत घेतलं. मग कित्येक वर्षांनी बायकोला, डायनाला. मग मुलीला, फिबीला. आता तो स्वतंत्र होता, आणि कागदोपत्री बायको आणि मुलगी त्याच्या मालकीच्या होत्या. त्यांना मुक्त करायला एक कागद पुरला असता. पण आयझॅक सुटल्यानंतर तिथे नवा कायदा आला होता, असा की, ज्याला मुक्त केलं त्याने वर्षाच्या आत राज्य सोडून जायचं. कागद केला तर बायकोपोर आपल्या भट्टीपासून, घरापासून हाकलली जाणार. म्हणून त्याने कागद केला नाही. बायको कागदावर विकत घेतलेली ती तशीच राहू दिली, आणि घरात ती बायकोसारखी राहिली.

"मग आयझॅकला ताप आला," लोरेटाबाई म्हणाल्या. "तीन दिवसांत गेला."

मालमत्तेची यादी करायला माणसं आली. ऐरण, भाता, दोन डुकरं, एक तांब्याची किटली, डायना, फिबी. या क्रमाने. गुलामाला वारसा मिळत नसे, कारण गुलाम स्वतःच वारशात मोडायचा. फिबी त्याची एकुलती एक मुलगी होती, पण वारसांच्या रकान्यात ती येऊच शकत नव्हती. ती दुसऱ्या रकान्यात होती. भट्टीचा लिलाव झाला आणि त्याच सकाळी या दोघींचाही, दोन वेगळ्या गिऱ्हाइकांना.

गुलामी संपली तेव्हा फिबी म्हातारी होती. ती चालत कोर्टात गेली आणि म्हणाली, माझ्या बापाची भट्टी मला द्या. कारकुनाने दप्तर काढलं, यादी शोधली आणि तिला तिचं नाव दाखवलं. ऐरणीच्या खाली.

"त्याने ते वाईटपणाने केलं असेल असं मला नाही वाटत," त्या म्हणाल्या. "त्याला वाटलं असेल, हिला आपलं नाव सापडलं तर बरं वाटेल." आणि पातेलं नळाखाली धरलं.

त्या यादीची नक्कल त्यांच्याकडे होती. भिंतीवर नव्हती लावलेली. विजेच्या बिलांच्या खणात होती. म्हणाल्या, "भिंतीवर लावलं की लोक बघतात आणि गप्प होतात. मला ती चर्चमधली शांतता नको घरात. पातेली घासायची असतात."

हे मी ऐकलं तेव्हा माझी सही होऊन दीड महिना झाला होता.

आमचं मूळ घर कोकणात. आजी लग्न होऊन त्या घरी आली तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून एक दहा वर्षांची मुलगी पाठवली होती. ती परत गेलीच नाही. तिला पगार असा कधी नव्हता. दोन वेळचं जेवण आणि वर्षाची लुगडी. तिची मुलगी भागी. भागीमावशीने दादाला आणि मला वाढवलं. सुट्टीला गेलो की तीच न्हाऊ घालायची, तीच काटे काढायची. आगराच्या खालच्या अंगाला तिचं घर होतं, भोवती पाच-सहा नारळी. भाऊ, म्हणजे आमचे वडील, सगळ्यांदेखत म्हणायचे, "खालची जागा भागीची." एकदा शेजारच्या काकांनी म्हटलं, मग नावावर करून टाका. भाऊ म्हणाले, "घरच्या माणसाला कागद कसला?" भागीमावशी दारात उभी होती. ती हसली. मला ते हसू फार दिवस समाधानाचं वाटत होतं.

भाऊ गेले. दादाने आगर रिसॉर्टवाल्याला द्यायचं ठरवलं. रिसॉर्टवाल्याला खालची जागा हवी होती, रस्ता तिथूनच निघतो. दादाचा फोन आला. "कागदावर सगळं आपलंच आहे, अवी. फक्त वकील म्हणतो, तू तिकडून एक प्रतिज्ञापत्र पाठव. ताबा आपलाच आहे, दुसऱ्या कोणाचा हक्क नाही."

"आणि भागीमावशी?"

"तिची सोय करू ना. तिला काय रस्त्यावर टाकणार आहोत?"

मी आणखी विचारलं नाही. न विचारणं ही माझी जुनी कला आहे. दुसऱ्या कुठल्याही जेपीकडे जाता आलं असतं. पण त्या शनिवारी पाऊस नव्हता, लायब्ररी चालत दहा मिनिटांवर होती, म्हणून मी लोरेटाबाईंच्या टेबलाशी गेलो.

त्यांनी कागद फिरवून माझ्यापुढे सरकवला. मी वाचला. सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत. माझ्या कागदात कोण नाही ते मला चांगलं दिसलं.

"हे खरं आहे?"

"खरं आहे."

त्यांनी सही केली. वर म्हणाल्या, "तू पहिला माणूस आहेस जो कुरकुर न करता वाचतो."

आईला यातलं काही माहीत नव्हतं. दादाने तिच्या सह्या "बँकेचं काम" म्हणून घेतल्या होत्या. भेंडीच्या त्या संध्याकाळी, जेवण झाल्यावर, लोरेटाबाईंनी तिला सहज विचारलं, "तुझी मुलं कोणी सांभाळली?" मी मध्ये बसून भाषांतर करत होतो. आई खुलली. भागी, भागीची आई, आजीच्या लग्नातली पाठराखीण, सगळं सांगितलं. लोरेटाबाईंनी विचारलं, "तिला काय मिळालं?" आई म्हणाली, "खाऊनपिऊन सुखी होती की. आणि ह्यांनी जागा दिलीय तिला. घर, नारळी, सगळं तिचंच आहे. आमच्या ह्यांनी शब्द दिलेला."

मी लोरेटाबाईंना सांगितलं, "आई म्हणते, ती आमच्या घरच्यासारखी होती."

त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुझी आई एवढा वेळ बोलली."

"हो, ती जरा पाल्हाळ लावते."

"घरच्यासारखी," त्या म्हणाल्या. "आमच्याकडच्या जुन्या मृत्युपत्रांत हा शब्द नेहमी असतो. त्याच्यापुढे काय येतं तेवढं मी बघते."

सई टेबलावरच्या ताटल्या उचलत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला मराठी समजतं हे मी मघाशीच लिहिलं आहे.

पुढचे चार दिवस मी लोरेटाबाईंच्या घरावरून न जाता लांबच्या रस्त्याने स्टेशनला गेलो. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांच्याकडे गेलो आणि सांगून टाकलं. त्या शिडीवर चढून पन्हाळीतली पानं काढत होत्या. खाली उतरल्या नाहीत. मी वर बघत बोलत राहिलो आणि वरून ओली पानं पडत राहिली. मी थांबलो तेव्हा त्या सावकाश उतरल्या, हात पुसले, आत जाऊन चहा टाकला.

"मी विचारलं होतं, खरं आहे का."

"हो."

"आणि तू वाचलं होतंस."

"हो."

मग मी ते वाक्य बोललो ज्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. म्हणालो, "माझ्या वडिलांचंही आयझॅकसारखंच झालं. माणूस आपलं म्हणून कागद करायचा राहिला."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला असं मी कधी ऐकलं नाही, तेव्हाही चढला नाही.

"थांब. आयझॅकने कागद केला असता तर डायनाला घर सोडावं लागलं असतं. तुझ्या वडिलांनी कागद केला असता तर कोणाला काय सोडावं लागणार होतं?"

मी कपाखालची बशी सरळ केली.

"माझ्या माणसाला या गोष्टीतून बाहेर ठेव," त्या म्हणाल्या. "तुझी तुला पुरेशी आहे."

मला वाटलं होतं, त्या मला हाकलतील किंवा माफ करतील. दोन्ही झालं नाही. त्यांनी पेन आणि पाठकोरा कागद आणला आणि म्हणाल्या, लिही. आधीचं प्रतिज्ञापत्र खोटं आहे, जागा कोणाच्या ताब्यात आहे, किती पिढ्या, वडील काय म्हणाले, कोणासमोर. मी लिहिलं. लिहून झाल्यावर मी तो त्यांच्यापुढे सरकवला, साक्षीसाठी.

"मी नाही करणार. मी आता तुझ्यासाठी परकी राहिले नाही. साक्षीदार परका लागतो. शेजारच्या पेटोनीला जा, तिथे मंगळवारी एक गृहस्थ बसतात." दारापर्यंत आल्या. "आणि पहिल्या कागदाबद्दल मला कोणी विचारलं तर मी जे ऐकलं ते सांगेन. तुला माहीत असावं."

पेटोनीच्या गृहस्थांनी दीड मिनिटात सही केली. न वाचता. मी बस पकडून घरी आलो आणि आईला सांगितलं. ती बराच वेळ भेंडीचे देठ कापत राहिली. मग म्हणाली, "ह्यांचा शब्द होता, अवी," आणि त्या रात्री जेवली नाही.

दादा फोनवर जे बोलला त्यातलं एक वाक्य इथे पुरे: "तुला तिकडे बसून धर्मराज व्हायला काय जातंय?" त्याचं अगदीच चूक नव्हतं. वर्षभर चाललं. वकील, तलाठी, मोजणी, आईचं खणखणीत "मी सही करणार नाही." शेवटी बाकीचं आगर गेलं, रिसॉर्टवाल्याने रस्ता दुसरीकडून काढला, आणि खालची जागा बक्षीसपत्राने भागीमावशीच्या मुलीच्या, सुनंदाच्या, नावावर झाली. दादा माझ्याशी बोलत नाही.

जागा भागीमावशीच्या नावावर झाली नाही, कारण ती त्या श्रावणात गेली. माझ्या पहिल्या कागदाच्या जोरावर दादाच्या वकिलाने तिला जागा खाली करायची नोटीस धाडली होती, हे मला फार उशिरा कळलं. सुनंदाने फोनवर सांगितलं. "आयेला वाचून दाखवत होते मी. तुमचं नाव आलं तशी म्हणाली, अवीचं नाव नको वाचूस, पुढचं वाच." सुनंदा हे चिडून म्हणाली नाही.

या सगळ्या वर्षात लोरेटाबाई मला शनिवारी लायब्ररीत भेटायच्या तेव्हा एकच विचारायच्या, "झालं?" मी म्हणायचो, "नाही." "बरं," आणि त्या पुढच्या माणसाचा कागद फिरवायच्या. त्यांनी मला कधी धीर दिला नाही. त्यांनी विचारणं कधी सोडलंही नाही. एकदा मी तीन शनिवार गेलो नाही, तर तिसऱ्या रविवारी जँडल्स आणि लोकरी मोजे घालून दारात आल्या, "झालं?" एवढं विचारलं, आणि माझ्या बायकोने, मंजिरीने, चहाला थांबवलं तरी थांबल्या नाहीत. मंजिरी म्हणाली, "एवढी माया सख्ख्या सासूने नाही केली." तिची थट्टा होती, पण शब्द मला बरोबर वाटला.

सुनंदाच्या नावाचा सातबारा मोबाईलवर आला तेव्हा लोरेटाबाई नेल्सनला मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. दृष्टी अधू झाली होती. टेबल त्यांनी आपणहून सोडलं होतं. शनिवारच्या नदीकाठच्या बाजाराबाहेर त्या मला दिसल्या, बसस्टॉपवर, हातात लीकची, म्हणजे जाड कांद्याच्या पातीसारख्या भाजीची, लांबलचक जुडी. मी मोबाईल पुढे केला. "झालं."

त्यांनी जुडी माझ्याकडे दिली, मोबाईल दोन्ही हातांत घेतला आणि उन्हाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. एक अक्षर कळत नसताना त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

"हे कंसात काय आहे?"

"माझं नाव. जुनं नाव पुसत नाहीत, कंस करतात."

"चांगली पद्धत आहे," त्या म्हणाल्या. मोबाईल परत दिला, जुडी घेतली. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. शाबासकीची वाट बघण्याची सवय या वयातही जात नाही.

"तू तिकडे जाणार आहेस?"

"डिसेंबरात. तिकीट काढलंय."

"तिच्या घरी जाशील?"

"जाणार ना. आमचंच..." मी थांबलो.

"दार वाजव," त्या म्हणाल्या. "ती 'ये' म्हणेपर्यंत बाहेर उभा राहा. म्हणाली नाही तर परत ये."

बस आली. ड्रायव्हर माओरीत नमस्कार करत "किया ओरा, लोरेटा" म्हणाला. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या, लीकची जुडी मांडीवर बाळासारखी आडवी घेतली, आणि बस हलायच्या आत शेजारच्या बाईशी बोलायलाही लागल्या. मी हात वर केला. त्यांना दिसला नसावा.

मी स्टॉपवरच उभा राहून आठवायला लागलो, भागीमावशीच्या दाराला बाहेरून कडी होती की नुसती फळी. लहानपणापासून मी त्या दारातून आत-बाहेर केलं होतं, भाकरी मागायला, काटा काढून घ्यायला, पावसात आडोशाला. आठवेना.